चौदा महिन्यांचा भात

माझी बायको घोटीची. हे आधी सांगायला हवं, कारण घोटीकडच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. लग्न होऊन ती सातपूरला आमच्या दोन खोल्यांत आली, तेव्हापासून घरात दोन्ही वेळा पातेलंभर भात व्हायला लागला. मी आपला चपातीवाला, मला गंमत वाटायची. दर दिवाळीला तिच्या माहेरून नव्या तांदळाचं पोतं यायचं. ते उघडलं की ती आधी मूठभर तांदूळ नाकाशी धरायची.

तो भात तिने सहा वर्षं खाल्ला नाही. सहाही वर्षं माझ्यामुळेच. पण त्यातल्या शेवटच्या चौदा महिन्यांचं वेगळं आहे.

नव्वदीच्या मध्यात मला स्वतःचं काही करायची हुक्की आली. कंपनीत टर्नर होतो. ड्यूटी सांभाळून भाड्याच्या शेडमध्ये जुनं लेथ मशीन टाकलं, त्यासाठी कामगारांच्या पतपेढीतून मोठं कर्ज काढलं. थोडे दिवस काम मिळालं, मग मिळेना. मशीन भंगाराच्या भावात गेलं आणि हप्ता तेवढा पगारातून कापला जात राहिला.

मशीन गेलं त्याच आठवड्यात बायकोने सांगून टाकलं, की कर्ज फिटेपर्यंत तिने भात सोडला. चातुर्मासात बायका असं काहीतरी सोडतात, पण त्याला चार महिन्यांची मुदत असते.

"वांगं सोड की," मी म्हणालो.

"वांगं मला आवडतं कुठे? आवडतं ते सोडायचं असतं. तुम्ही तंबाखू सोडा बरं."

मी हो म्हणालो. सोडली नाही.

तिच्या पाटल्या गेल्या. ती लोकांच्या साड्यांना फॉल लावायला लागली. मुलीची शाळेची सहल दोनदा हुकली. ते सगळं आमच्या गल्लीत घरोघरी चालायचं, त्याचं फार वाटत नसे. भाताचं मात्र रोज समोर दिसायचं. ती माझ्यासाठी आणि मुलीसाठी भात करायची, वाढायची, स्वतः भाकरी घ्यायची. पातेल्यावरचं झाकण काढताना तोंड जरा बाजूला करायची.

मग एका मे महिन्यात कर्ज फिटलं. पतपेढीतल्या क्लार्कने बेबाकीचा दाखला हातात दिला आणि म्हणाला, "पेढे कुठायत?" मी हसलो. दाखला शर्टाच्या खिशात घालून सायकलवर निघालो. घरी गेल्यावर काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. "आज भात टाक, तुझ्यासकट," असं काहीतरी.

घरी माझा धाकटा भाऊ येऊन बसला होता. त्याला प्लॉट घ्यायचा होता, पैसे हवे होते. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "भावोजी, तुम्हाला नाही म्हणवत नाही हो, पण यांच्या डोक्यावर अजून कर्ज आहे."

"ते तर आहेच वहिनी," तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

मला केवढं हायसं वाटलं. मी भिडस्त माणूस, नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. विकणाऱ्याला नाही न म्हणता आल्यानेच तर ते जुनं मशीन गळ्यात पडलं होतं. म्हटलं, आज नको, भाऊ अजून कोपऱ्यावरही पोचला नसेल. उद्या सांगू.

उद्या सांगितलं नाही. का, ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. कधी वाटतं, पाटल्या आणून दोन्ही एकदम सांगायचं होतं. एकदा सराफ बाजारात गेलोही, काचेतून बघून परत आलो. कधी वाटतं, 'कर्ज आहे' म्हटलं की घरात कुणी काही मागत नसे, दारात कुणी थांबत नसे, ते मला सोडवेना. वाचलेले पैसे बँकेत तसेच पडून होते. उडवले असते तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं. आणि जितके दिवस गेले तितकं अवघड झालं, कारण आता 'फिटलं' म्हटलं की 'कधी?' हे आलंच.

दाखला मी कपाटात पेपरखाली ठेवला. रोज समोर ती भाकरी मोडायची. मी खाली बघून जेवायचो.

दिवाळीत घोटीला गेलो. सासूबाई आजारी होत्या, खाटेवरून उठवत नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. त्यांनी नव्या तांदळाचा मऊ भात करायला लावला. वर नुसतं तूप-मीठ. ताट आलं तर म्हणाल्या, "पयला घास हिला द्या."

"आई, तू खा. माझा नेम आहे."

"कसला गं नेम? घोटीची पोर आन् भाताला नाय म्हणती! जावईबापू, तुमी तरी सांगा हिला. मला हिला भात खाताना बघू द्या येकदा."

बायको हसली. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, कर्ज फिटलं की तुझ्यासमोर बसून पातेलंभर खाईन. आता थोडंच राहिलंय." आणि माझ्याकडे वळून, "हो ना हो?"

कर्ज फिटून सहा महिने होत आले होते.

मी म्हणालो, "हो. थोडंच."

सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या.

दहाव्याला पिंडाचा भात मांडला होता. ती एकटक त्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तेव्हा बोलायला हवं होतं, की तेव्हा बोलणं आणखी वाईट झालं असतं? मला अजून ठरवता येत नाही. सांगितलं ते जुलैत. कामावरून आलो आणि म्हणालो, "फिटलं बरं का या महिन्यात." तिने देवापुढे साखर ठेवली, भात टाकला, ताटात घेतला. पहिला घास हातात धरून बराच वेळ बसली. मग खाल्ला. कधी फिटलं ते तिने विचारलं नाही. माझी तयारी मात्र होती, खोटी तारीख पाठ केली होती.

त्याला बरीच वर्षं झाली. मुलीचं लग्न झालं, आता घरात आम्ही दोघंच. गेल्या दिवाळीत तिच्या भावाने पोतं पाठवलं. तिने मूठ नाकाशी नेली आणि म्हणाली, "आईला बघायचं होतं मला खाताना. थोडक्यात राहिलं."

'थोडक्यात' ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राहिलं नव्हतं. कर्ज तेव्हा फिटलेलं होतं." मग सगळंच सांगितलं. खिशातला दाखला, भाऊ, कपाट. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आईने ताट सारलं, तेव्हा फिटलं होतं?"

"होतं."

ती तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं बोलेल, रडेल, भावाकडे निघून जाईल. तिने कुकर लावला.

जेवायला बसलो. तिने दोघांच्या ताटात भात वाढला. मला घास उचलवेना. म्हणालो, "मला नको भात. आता कधीच नको."

"का? तुम्ही सोडणार का?"

मी ताट जरा मागे सारलं.

"नेम-बिम काही धरू नका," ती म्हणाली. "तुमची तंबाखू अजून सुटली नाही. आणि दोघांच्या मापाने टाकलाय, उरला तर उद्या मलाच फोडणीला टाकावा लागेल."

ती जेवत होती, नेहमीसारखी, आधी वरणभात, मग ताकभात. रागात आहे का, बघत होतो. कळेना. तिला हे आधीच माहीत होतं का, तेही कळेना, आणि विचारायचा धीर झाला नाही. मी ताट पुढे ओढलं. तिने न विचारता आणखी एक डाव भात माझ्या ताटात घातला आणि मी खाऊ लागेपर्यंत माझ्याकडे बघत बसली.