गोदामातली नऊ गाणी

जळगावात राहून कहकशाचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, केळीवरचं औषध, डोळ्यांचं मोफत शिबिर, रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली जे काही सांगायचं असतं ते बहुतेक तिच्याच आवाजात असतं. पण तिला चेहऱ्याने कोणी ओळखत नाही. बाजारात ती भाव करायला लागली की एखादा दुकानदार मध्येच थांबतो. "ताई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." ती नाही म्हणते, आणि त्याने खरंच पाहिलेलं नसतं.

हे काम तिच्याकडे ठरवून आलं नाही. ती मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आल्यावर तिचा नवरा आमिर याच्या बॅटऱ्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती. तोतारामभाऊंच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग व्हायचं. ठरलेली मुलगी त्या दिवशी आली नाही, म्हणून कहकशाने कागद हातात घेतला. तोतारामभाऊंनी डोक्यावरचा हेडफोन काढला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही हे आधी कुठं केलंय?"

"नाही," ती म्हणाली.

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी, मार्चच्या सुमारास, झुलाल नावाचा एक गृहस्थ जाहिरात करून घ्यायला आला. त्याने नवी व्यायामशाळा काढली होती. मजकूर नेहमीचाच होता, पण मागचं संगीत तो स्वतः घेऊन आला होता. "हेच पाहिजे, भाऊ. हे वाजलं की माणूस खुर्चीत बसून राहत नाही," असं म्हणत त्याने मोबाइलवर गाणं लावलं.

आधी गिटार आली, गिरणीसारखी घरघरणारी. मग ड्रम. मग एक बाई गायला लागली, धुळ्याच्या पांझरा नदीचं अहिराणी गाणं:

पांझरा कोरडी, मन मन्हं कोरडं नही...

कहकशाच्या हातातला कागद तसाच राहिला. तो आवाज तिचा होता. ते गाणं तिने कॉलेजात असताना म्हटलं होतं आणि ते कधीच बाहेर आलं नव्हतं. निदान तिला तरी तसंच माहीत होतं.

"कुणाचं आहे हे?" तोतारामभाऊंनी विचारलं. "उद्या कोणी हक्क सांगत येईल हो."

"कोणी येत नाही. माझी सासुरवाडी साक्रीकडची. तिकडे बठ्ठासकडे शे हाई गानं, सगळ्यांच्या मोबाइलात. लग्नात वाजतं, ट्रॅक्टरवर वाजतं."

"आणि बाई कोण?"

"असेल कोणी. ती वारली म्हणे."

कहकशा उभी होती तिथून सांगू शकली असती. एका वाक्याचं काम होतं. पण ती पाणी प्यायली, माइकसमोर उभी राहिली आणि स्वतःच्याच गाण्यावर "शरीर कमवा, आरोग्य मिळवा" असं मोठ्या उत्साहाने बोलून मोकळी झाली. मी बोलले का नाही, असं ती घरी जाताना स्वतःला विचारत राहिली. आनंद झाला होता का? राग आला होता का? की ती मेलेली बाई मीच, असं सांगायचं अवघड वाटलं?

ते गाणं ज्या बँडचं होतं त्याचं नाव होतं 'बठ्ठा आवाज', म्हणजे सगळा आवाज. बँड म्हणजे तिघंच. नवल हा शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला मुलगा, धुळ्यातल्या देवपूरला कॉलेजात शिकायला आला होता. गाणी तो अहिराणीत लिहायचा आणि गिटार वाजवायचा. बेस वाजवणारं कोणी मिळेना, म्हणून बेसही मागाहून तोच वाजवून जोडायचा. ड्रमवर कहकशाचा थोरला भाऊ हसनैन. आणि गाणारी कहकशा. तिच्या घरची बोली उर्दू. अहिराणी ती वडिलांच्या मंडपांवर काम करणाऱ्या माणसांकडून शिकली होती, त्यामुळे त्यात शिव्याही बऱ्याच येत होत्या.

तिचे वडील नूर महंमद यांचा मंडपाचा धंदा. धुळ्यात त्यांचं मोठं गोदाम होतं. छतापर्यंत गाद्यांची थप्पी, लोड, कनाती, पडदे. तिथे टाळी वाजवली तरी आवाज जागच्या जागी विरायचा. नवलने पहिल्यांदा गोदाम पाहिलं तेव्हा तो टाळ्याच वाजवत फिरला. "चाचा, मुंबईत अशा खोलीसाठी लोक रांग लावतात," तो म्हणाला. नूर महंमद यांना हे पटलं नाही, पण पोरं नजरेसमोर राहतील म्हणून त्यांनी किल्ली दिली.

पावसाळ्यात मुहूर्त नसतात, तेव्हा गाद्या सगळ्या गोदामातच. तेव्हाची गाणी दाट, कानाजवळ बोलल्यासारखी झाली. पुढे लग्नसराई सुरू झाली, गाद्या गावोगाव गेल्या आणि गोदाम घुमायला लागलं. उरलेली गाणी त्या घुमण्यातच झाली, विहिरीत उतरून गायल्यासारखी. नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ठरलं, चित्रही काढून झालं. आणि मग अल्बम निघालाच नाही.

का निघाला नाही, हे कहकशाला इतकी वर्षं पक्कं माहीत होतं. नवलला तिचा आवाज आवडला नव्हता. एक दिवस तो यायचा बंद झाला, तिच्याशी एक शब्द बोलला नाही आणि पुण्याला नोकरीवर गेला. तिथे चांगली गाणारी मिळाली असेल, असं तिने धरलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि तो विषय तिने मनातून काढून टाकला.

झुलाल येऊन गेला त्या संध्याकाळी तिने हसनैनला फोन केला.

"भाई, आपला अल्बम लोकांकडे कसा गेला?"

"कोणता अल्बम?"

"किती बँड होते आपले?"

पलीकडे हसनैनने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "पण तो तर तुलाच नको होता ना?"

"मला?"

"मी विचारलं होतं तुला, अल्बमचं काय करायचं. तू म्हणालीस, मला काय विचारतोस. मी समजलो, लग्न ठरतंय, आता हिला नको असेल."

कहकशाला ते वाक्य आठवत होतं. म्हणाली होती ती. नवलवर चिडून म्हणाली होती. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिने आमिरला सांगितलं की अब्बांना भेटून येते, आणि रविवारी धुळ्याची बस पकडली.

नूर महंमद आता थकले होते. धंदा हसनैन बघायचा, ते दारात खुर्ची टाकून बसायचे. मुलीने विषय काढला तसे ते खुलले. "तो बाजा? निघाला का शेवटी?"

"अब्बा, तुम्हाला चालणार होतं?"

"न चालायला काय झालं? किल्ली कोणी दिली होती?"

तिची आई हमीदा आतून म्हणाली, "तुझ्या लग्नात त्यातलंच गाणं लावायचं म्हणून हे वाट बघत होते. शेवटी दुसरंच लावलं."

कहकशाने मनात हिशोब मांडला. अब्बांना चालणार होतं. भाईला वाटलं तिला नको. मग उरला नवल. हसनैनकडे त्याचा नंबर होता. तो पुण्याहून परत येऊन आता साक्रीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होता. निरोप मिळाला तसा दुपारी मोटारसायकलवर हजर झाला. डोक्यावरचे केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. कहकशाने मनात कितीतरी वर्षं त्याच्याशी भांडण घोळवलं होतं, पण ते भांडण बारीक, दाढी वाढवलेल्या मुलाशी होतं. या माणसाशी कुठून सुरू करावं ते तिला कळेना.

"नवल, माझा आवाज वाईट होता का?" तिने एकदम विचारलं.

"काय?"

"म्हणून थांबवलंस ना?"

नवलने नूर महंमद यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी नाही थांबवलं. चाचांनी सांगितलं होतं. मी गोदामात शेवटचं गाणं जुळवत बसलो होतो. चाचा आले आणि म्हणाले, बेटा, आता थांबा थोडं. त्याच आठवड्यात तुला बघायला जळगावचे पाहुणे येणार होते. मी काय समजायचं ते समजलो. पोरीचं नाव कशाला बाहेर न्यायचं? तुला काही बोललो असतो तर तू चाचांशी भांडली असतीस. म्हणून बोललो नाही."

सगळे नूर महंमद यांच्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणालो असेन," ते म्हणाले.

"कशासाठी, अब्बा?"

"ते आता कसं सांगू? लग्नसराई होती. उरलेल्या गाद्या काढायच्या असतील. पाहुणे येणार होते, घरात गडबड नको म्हणून असेल. नाहीतर हमीदाने जेवायला बोलावलं असेल. ही पोरं जेवायला उठायचीच नाहीत."

"म्हणजे अल्बम थांबवा असं नव्हतं?"

"अल्बम कसा थांबवतात हे मला कुठं माहीत? मी मंडपवाला माणूस."

हसनैनला हसू फुटलं, नवलही हसला. कहकशा हसली नाही. कोणावर तरी रागवायचं म्हणून ती बसने इथवर आली होती. आता राग हातात होता आणि ठेवायला जागा नव्हती. अब्बा खोटं बोलत नव्हते, पण खरं काय ते त्यांनाही आठवत नव्हतं. तिने पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मनापासून आठवून पाहिलं आणि दोन्ही वेळा वेगळं कारण सांगितलं.

"पण मग ते साक्रीकडे पोचलं कसं?" हसनैनने विचारलं.

नवल ओशाळला. "आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी. मी पुण्याला गेलो तेव्हा आईला माझी गाणी ऐकायची होती, म्हणून मी तिच्या मोबाइलमध्ये भरून दिली. आबा तो मोबाइल दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदाराने गाणी उतरवून घेतली आणि बाजाराच्या दिवशी ज्याला त्याला मेमरी कार्डात भरून द्यायला लागला. मला हे परत आल्यावर कळलं. तोवर साक्रीपर्यंत सगळीकडे झालं होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

"आणि मी मेले हे कोणी सांगितलं?"

"ते माहीत नाही. लोक विचारायचे ही बाई कोण, आबा म्हणायचे, आता ती गात नाही. त्याचं पुढे काय झालं देव जाणे." मग त्याने घरी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे ताईबाई, त्याची आई, मोठ्याने बोलत होती, "तू जित्ती शे का व माय? हाई गानं ते आमना गावमा बठ्ठासले पाठ शे!"

कहकशाने "हो" म्हटलं.

नंतर त्यांनी हसनैनच्या खोलीत बसून नऊही गाणी ऐकली. त्यांतली तीन अगदी वाईट होती आणि तिघांनाही ते मान्य होतं. नवलचं म्हणणं, ती पुन्हा गाऊन घेऊ. हसनैन म्हणाला, जशी आहेत तशी जाऊ देत. दोघांनी कहकशाकडे पाहिलं. कॉलेजातली ती मुलगी मोबाइलमधून गात होती, आवाज उंच, श्वास भलत्याच ठिकाणी तुटणारा, कशाचीच भीती नसलेली. कहकशाला तिचा हेवा वाटला आणि जरा कीवही आली. आपण पुन्हा गायलो तर गाणं सुधारेल की ती मुलगी जाईल?

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली, आणि मग तिलाच भीती वाटली की याचाही कोणीतरी भलता अर्थ काढेल. म्हणून तिने सरळ सांगितलं, "आहे तसं टाका. नऊच्या नऊ. माझं नाव लिहा, पूर्ण."

जूनमध्ये अल्बम इंटरनेटवर आला. पहिल्या आठवड्यात थोड्या लोकांनी ऐकला, मग बरेच आले. बहुतेक धुळे, साक्री, नवापूर भागातले. खाली ते लिहीत होते: 'आमचं जुनं लोकगीत चोरलं.' 'ओरिजिनल बाईचा आवाज वेगळा होता.' एकाने लिहिलं, 'दिवंगत गायिकेचा तरी मान ठेवा.' एकाने मात्र फक्त आपल्या गावाचं नाव लिहिलं होतं आणि पुढे 'ट्रॅक्टर'.

नवलला उत्तरं द्यायची होती, पुरावे टाकायचे होते. हसनैनला हसू आवरत नव्हतं. कहकशा रात्रीचं जेवण झाल्यावर त्या प्रतिक्रिया आमिरला वाचून दाखवत होती, जाहिरात वाचावी तशा स्पष्ट, एकेक शब्द तोडून.

आमिरने सगळं ऐकून घेतलं. "तुला वाईट वाटतंय का बरं वाटतंय?" त्याने विचारलं.

तिने पहिली प्रतिक्रिया पुन्हा वर आणली.

"लोकगीत म्हणतायत," ती म्हणाली. "लोकगीत म्हणजे चांगलंच ना?"

"मला वाटतं चांगलंच."

"मग चोर का म्हणतायत?"

तिने मोबाइल बाजूला ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा उचलला, आणि ट्रॅक्टरवाल्या माणसाला तेवढं विचारलं, 'तुमच्याकडे कोणतं गाणं जास्त वाजतं?'