मामांचा निरोप

"काय खाऊन आली?"

पळायला आलेल्या प्रत्येक मुलीला मामा आधी हे विचारायचे. बाकीचं बोलणं नंतर. एखादी म्हणाली, "चहा-बिस्कीट," तर तिच्याकडे जरा वेळ बघत राहायचे आणि मग म्हणायचे, "तुला चालंल. पन हिला न्हाई चालायचं," आणि शेजारच्या मुलीकडे बोट दाखवायचे.

मामा आमच्या शाळेचे शिपाई होते. सोनईच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात आमची शाळा आहे, बारावीपर्यंतची. तुमच्याही शाळेत असे एक मामा असतील आणि त्यांचं खरं नाव तुम्हालाही चटकन आठवणार नाही. तरुणपणी ते लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे. शाळेला खेळाचा शिक्षक नव्हता, म्हणून पोलीस भरतीची आणि शर्यतींची तयारी करणाऱ्या मुलींना पाटाच्या कडेने पळवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. रोज सकाळी साडेसहाला ते तिथं हजर असत. मी विज्ञानाचा शिक्षक. माझं घर पाटाजवळच, म्हणून घड्याळ धरायचं काम माझ्याकडे आलं.

पळून झालं की मामा मुलींच्या टी-शर्टांची पाठ बघायचे. घाम वाळून मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला असायचा. "हिचं मीठ लई जातं. घरी गेल्यावर ताकात मीठ घालून पी गं." दुसरीच्या पाठीवर काहीच नसायचं. तिला ते काहीच सांगायचे नाहीत.

त्या मुलींत दोन सख्ख्या बहिणी होत्या. एकाच टोपल्यातली भाकरी खाणाऱ्या. थोरली उपाशीपोटी दहा किलोमीटर पळून वर गप्पा मारायची. धाकटी कोमल तेव्हा बारावीत होती, तिच्याहून कितीतरी वेगवान. पण पळण्याआधी तासभर भाकरी आणि गूळ पोटात गेला नसेल, तर सहाव्या किलोमीटरलाच तिचे पाय जड व्हायचे.

"आळस असेल, मामा," मी एकदा म्हणालो.

"आळस न्हाई, सर. हरेकाची चूल येगळी. थोरलीच्या चुलीत बाभळीचं लाकूड हाय, दमानं जळतं. हिच्यात उसाचं पाचट. जाळ मोठा, पन सारखं घालीत ऱ्हावं लागतं."

शरीर साखरही जाळतं आणि चरबीही, आणि कोणाचं कशावर जास्त चालतं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, एवढं मलाही माहीत होतं. मी ते फळ्यावर शिकवलंही होतं. पण मामांना ते मुलीच्या चालण्यावरून कळायचं, आणि मुली माझ्यापेक्षा त्यांचं ऐकायच्या. खरं सांगायचं तर मला ते खुपायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत मामांच्या बायकोचं नगरला ऑपरेशन झालं. मामांना पंधरा दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं. जाताना मला म्हणाले, "कोमलचं तेवढं बघा, सर. पुढच्या महिन्यात तिची राज्याची शर्यत हाय."

मी बघितलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सकाळी उपाशीपोटी पळा, शरीर चरबी जाळायला शिकतं, मग माणूस थकतच नाही, असं त्यांत सांगितलं होतं. मला ते एकदम शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या मुलींना नियम घालून दिला, पळून होईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मुली चुळबुळल्या. कोमलने विचारलं, "मामा म्हणाले का असं?"

"हो," मी म्हणालो, "काल फोन आला होता त्यांचा."

फोन आला नव्हता.

पाच दिवस कोमल मागे पडत राहिली, पण तक्रार तिने केली नाही. मामांचा शब्द होता ना. सहाव्या दिवशी मी चौदा किलोमीटर लावले. ऊन वर आलं होतं. बाराव्याच्या पुढे ती वेडीवाकडी पळायला लागली आणि मी हाक मारेपर्यंत पाटाच्या दगडी कडेवर कोसळली. भुवई फुटली. हातपाय झटके द्यायला लागले. जवळच्या फडातले ऊसतोडणीवाले धावत आले. कोणीतरी, फेफरं आल्यावर धरतात तसा, कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर फार उतरली होती, दुसरं काही नाही. पण तो कांदा सगळ्यांनी बघितला होता. दुपारपर्यंत गावात झालं, पोरीला फेफरं येतं.

बातमी कळून दुसऱ्या दिवशी मामा नगरहून आले ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. कोमलचे वडील आधीच बसले होते. ते मामांना म्हणाले, "पोरगी म्हनती, तुमीच उपाशी पळाया सांगितलं. फोन करून."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे बघत राहिलो.

"व्हय," मामा म्हणाले. "मीच सांगितलं. चुकलं माजं."

मुख्याध्यापकांनी मुलींचं पळणं त्याच दिवशी बंद केलं. संध्याकाळी मामा कोमलच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहून हात जोडून सांगत होते, "पोरीला रोग न्हाई, दादा. पोटात कायबी नव्हतं, म्हनून पडली. तिचं पळनं मोडू नका."

"पोट रिकामं कुनी ठिवलं?" वडिलांनी विचारलं.

त्याचं उत्तर मामांच्या शेजारीच उभं होतं. आतल्या दाराशी कोमल होती, कपाळाला पट्टी. ती मामांकडे एकटक बघत होती. मग आत निघून गेली.

परत येताना मी म्हणालो, "मामा, उद्या मी खरं सांगतो सगळ्यांना."

ते चालता चालता थांबले. "नगं, सर. तुमी वर्गात शिकवता. पोरांचा तुमच्या शब्दावरचा इस्वास गेला तर काय शिकवनार? माजं काय, मी घंटा देतो. ती तर देताच यील."

तुम्ही म्हणाल, त्यांनी नको म्हटलं तरी मी सांगायला हवं होतं. हवंच होतं. मला ते सोयीचं वाटलं, एवढंच खरं आहे.

मे महिन्यात घाईघाईने कोमलचं लग्न लावलं. फेफऱ्याची बातमी लांब जायच्या आत. मामांना सोडून सगळ्या शाळेला आमंत्रण होतं. मी आहेर घेऊन गेलो. मामा पुढे दोन वर्षं नोकरीत होते. वेळेवर घंटा देत, वर्ग उघडत, पाण्याची टाकी भरत. पाटाच्या रस्त्याने मात्र त्यांनी घरी जाणं सोडलं. लांबच्या वाटेने, गावातून जायचे. एखादी नवीन मुलगी विचारायची, "मामा, मला पळायला शिकवा ना." ते म्हणायचे, "मला न्हाई कळत त्यातलं."

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत ते गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. मातीला सगळे जमले. त्यांनी पळवलेल्या बऱ्याच मुली आल्या होत्या, दोघी तर पोलिसांच्या वर्दीत. कोमलची थोरली बहीण आली होती. कोमल दिसली नाही.

ती मला परवा भेटली, घोडेगावच्या बाजारात. नवरा गाय बघत होता आणि ती लिंबाच्या सावलीत लहान मुलाला घेऊन उभी होती. भुवईवरचा वण तसाच होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सर, एक इचारू? मामांना माझं सगळं ठाऊक हुतं. मी काय खाते, कवा दमते, सगळं. मग त्यांनी मला असं का सांगितलं? मी लई येळा इचार केला. मला न्हाई कळलं."

मी सांगितलं. फोन आलाच नव्हता, ते शब्द माझे होते, मामांनी ते फक्त स्वतःच्या अंगावर घेतले. चार वाक्यांत झालं सगळं. इतकी वर्षं मला ती चार वाक्यं जमली नव्हती.

वाटलं होतं, ती ओरडेल. तिने मुलाचा सदरा नीट केला. नुसताच नीट करत राहिली.

"मामा गेले तवा मला निरोप आला हुता, सर," ती म्हणाली. "सासूबाई बी म्हनल्या, जाऊन ये. मीच न्हाई गेले."

लांबून नवऱ्याने हाक मारली. तिने मूल कडेवर घेतलं आणि गुरांच्या गर्दीतून वाट काढत निघून गेली.