जावळ राहिलेली मुलं

डॉ. सुमंत यांची आणि माझी पहिली भेट आकुर्डीतल्या एका सभागृहात झाली, आणि त्या भेटीत मला फारसं काही कळलं नाही. मी चाकणच्या एका कंपनीच्या गुणवत्ता तपासणीतून नुकताच निवृत्त झालो होतो. डॉक्टर म्हणाले, "देहूरोडपासून चाकणपर्यंत सेरेब्रल पाल्सीची मुलं किती आहेत, कुठे आहेत, कुणालाच ठाऊक नाही. त्यांची नोंदणी उभी करायचीय. येता?" मेंदूला अगदी लहानपणीच इजा झाल्यामुळे ज्यांचं अंग त्यांचं ऐकत नाही, अशी ही मुलं. मी लगेच हो म्हणालो. मोजण्यात काय अवघड आहे, आयुष्यभर तेच तर केलं होतं!

कपाळ माझं! घरोघर जाऊन "घरात असं मूल आहे का?" विचारलं की दार अर्धवट उघडं ठेवून उत्तर यायचं, "न्हाई." आमच्या नोंदीप्रमाणे अख्खा पट्टा ठणठणीत निघाला. डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "उद्यापासून वेगळं विचारा. कुणाचं जावळ राहिलंय का?"

मी चक्रावलो. आपण मेंदूची नोंद करतोय की केसांची? तरी विचारत सुटलो, आणि गोंधळ आणखी वाढला. सांगवीत एका मुलाचे केस खांद्यावर आले होते, पण पठ्ठ्या धावत येऊन माझी पिशवीच ओढायला लागला. त्याच्या आजी म्हणाल्या, "जमिनीवरनं मामाचं अन् बापाचं वाजलंय. मामा येईना, मग जावळ काढायचं कुणाच्या मांडीवर?" दुसऱ्या घरी नवस होता. शेवटी वैतागून मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मला याचा आगापिछाच कळेना." ते म्हणाले, "चालू द्या." समजावून सांगणं हा त्यांचा स्वभावच नव्हे, ते नुसते सोबत नेतात.

मग चाकणजवळ एका जुन्या घराच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्या भाडेकरणीच्या पोराचं राहिलंय की. तिसरं लागलं त्याला. मान धरत न्हाई, मामाच्या मांडीवर बसवायचं कसं?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलाचं दुखणं घरातले लपवतात, पण राहिलेलं जावळ साऱ्या आळीला माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः तिथे आले. मुलाची आई सविताताई, मूळच्या नांदेडकडच्या; नवरा शिफ्टला गेलेला. त्या म्हणाल्या, "नाव कायला लिहिता? एकदा लिहिलं की ठप्पा बसला. माझा सख्खा भाऊ म्हणतो, आधी मान धरू दे, मग येतो." त्या भागात उपचार केंद्र निघायचं की नाही, हे आमच्या नोंदणीवरच ठरणार होतं, आणि या मुलाचं तर उपचाराचं वय हातातून चाललं होतं. मी जीव तोडून सांगू लागलो. डॉक्टरांनी मला हातानेच गप्प केलं.

ते सतरंजीवर मांडी घालून बसले. मुलाला मांडीवर घेतलं, एक हात मानेमागे, दुसरा कमरेला. "असं धरलं की बसतो, बघा. इथे न्हावी कुठे मिळेल?" मला काही उमगायच्या आत मालकीणबाई न्हाव्याला घेऊन हजर! मुलाची मान छातीशी टेकवून डॉक्टरांनी एक हात सोडवला आणि न्हाव्याने धरलेली पहिली बट कापली. पोरगं खुदकन हसलं. सविताताई तोंडाला पदर लावून रडत होत्या. डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या, "लिहा भाऊ. पार्थ नाव हाय त्याचं." माझेही डोळे भरले होते; पेन काही केल्या उघडेना.

पुढे ही गोष्ट खोल्याखोल्यांतून पसरली. आता आया आपणहून फोन करतात. मी मुलाचं वय विचारतो, त्या विचारतात, "मामांना कधी पाठवता?" केंद्र सुरू झालंय. पार्थ तिथे उशांच्या आधाराने बसतो आणि माझ्या चष्म्यावर डोळा ठेवून असतो. डॉक्टर प्रत्येक जावळाला नवं अंगडं-टोपडं घेऊन जातात. कुणाचं आभाराचं भाषण सुरू झालं की चपला शोधू लागतात. आम्ही नेमकं काय करतो, नोंदणी की मामेपण, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही. त्यांना विचारलं, तर पुन्हा "चालू द्या"च म्हणतील.

डॉक्टरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलंय. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं तर आहेच. पण मी खास त्यांच्या गुडघ्यांसाठी मागतो. मांडी घालून बसू नका, असं त्यांना हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय. परवाच मोशीहून एका बाईंचा फोन आला. "आमचा बाळ मान धरत नाही हो. मामा येतील का?"

डॉक्टरांना न विचारताच मी हो म्हणून बसलोय.