गॅलरीतून दिलेला सल्ला

१२ डिसेंबर. गॅलरीत मेथी निवडत बसले होते. समोरच्या मैदानाच्या कडेला तळमजल्यावरची वैशाली नडगी चोळत बसली होती. लष्कराच्या भरतीत तिला सोळाशे मीटर आठ मिनिटांच्या आत धावायचं आहे, आणि भरती दीड महिन्यावर आली आहे. ती रोज सकाळी संथपणे लांबवर पळायची. पंधरा दिवसांपूर्वी मीच इथून ओरडले होते, "अगं, अशी रमतगमत पळून वेळ कसा कमी होईल? जोरात पळ, थांब, पुन्हा जोरात पळ!" मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं. तिने ऐकलं. आज सकाळी भाजी घेऊन येताना तिची आई जिन्यात भेटली, म्हणाली, "डॉक्टरांनी दहा दिवस पळणं बंद केलंय. नवख्या पायांना आधी संथ, लांबचं पळणंच हवं होतं म्हणे."

हातातली जुडी तशीच राहिली. सुनेला, शेजारणीला, भाजीवाल्यालासुद्धा मी असंच बसल्या जागेवरून सांगत असते. चुकलं तर दुखतं ते त्यांचं.

१३ डिसेंबर. सकाळी खाली गेले.

"वैशाली, मी आयुष्यात एक फेरीसुद्धा पळालेले नाही गं."

"ते तुमच्याकडे बघून कळतंच की, काकू," ती हसली.

"मग ऐकलंस कशाला?"

"माझ्या पळण्याकडे बघणारं दुसरं कोणीच नव्हतं."

चालायला तिला परवानगी होती. मी तिच्या बरोबरीने चार फेऱ्या चालले आणि एकदाही तोंड उघडलं नाही.