आयांना दिलेला शब्द

सुलोचनाबाई दप्तरदार मुलीला खेळायला न्यायच्या त्या तिच्या आईच्या हातून. बाहेरगावी मॅच असली की निघायच्या आधी त्या घरोघरी जात, देवापुढे हात जोडत, अर्धा कप चहा घेत आणि मग आईला म्हणत, "हिचा हात माझ्या हातात द्या." आई लाजत, हसत पोरीचा हात पुढे करी. "जशी नेते तशी आणून देईन," एवढंच बाई बोलत. कॉलेजात त्यांची नेमणूक व्यायामशिक्षिका म्हणून होती, पण इंदुरात त्यांचं वजन होतं ते ह्या एका वाक्याचं.

मध्यभारत राज्य होऊन चारपाच वर्षं झाली होती. आपल्या मराठी घरांतून मुली बी.ए.ला जाऊ लागल्या होत्या. पण सलवार घालून मैदानात बॉलमागे धावायचं म्हटलं की आज्या जप थांबवून वर बघत. बाईंनी ती घरं एकेक करून आपलीशी केली. मुरमाच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब रोवले, सुताराकडून फळ्या करून घेतल्या, लोहाराकडून रिंगा. पहाटे मुली अनवाणी पळत. बाई कधी ओरडत नसत. "समोरचीच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे खोटं बोलतात. कमरेकडे बघ. कंबर जाईल तिकडेच ती जाणार," असं शिकवत. उज्जैन, देवास, रतलाम, कुठलीच टीम त्यांच्यापुढे टिकेना.

बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. सहा वर्षांच्या असताना देवी आल्या होत्या. वडील होळकरांच्या कचेरीत कारकून. मुलगी वयात आल्यावर दोन स्थळं पाहून गेली आणि तिसरं आलंच नाही, तेव्हा वडील म्हणाले, "तू शीक." मुंबईला व्यायामशिक्षणाचा कोर्स करून त्या परत आल्या तेव्हा ट्रंकेत दोन पातळं होती आणि एक कातडी बॉल. बायका मागून बोलत, "स्वतःची नाहीत म्हणून दुसऱ्यांच्या पोरी नेते." आणि त्याच बायका आपली पोरगी त्यांच्याबरोबर बिनघोर पाठवत. हे दोन्ही बाईंना ठाऊक होतं. मंगळवारी त्या देवीला जात, ओटी भरत, आणि त्या मूर्तीशी त्यांचं काय बोलणं होई ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एक ग्वाल्हेर मात्र हाती येत नव्हतं. दोन वर्षं फायनलला तिथल्या मुलींनी इंदूरला हरवलं होतं. त्यात कॉलेजच्या कमिटीवरचे श्रीपादराव एक दिवस मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "सुलोचनाबाई, ह्या वेळी कप आणा. नाहीतर कमिटीत लोक विचारतात भिया, एवढी जागा पोरींच्या उड्या मारायला कशाला? इथे सायन्सची बिल्डिंग होईल."

"कप आणते," बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीतली ग्वाल्हेरची स्पर्धा ढकलत ढकलत चैत्रात आली. पाडवा झाला, रामनवमीही झाली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई आपल्या फेरीला निघाल्या. शेवटचं घर लीलाचं. लीला टीममधली सगळ्यांत उंच मुलगी. रिंगेखाली ती उभी असली की बाकीच्यांनी नुसता बॉल वर फेकावा. तिचे वडील दिनानाथराव मिलमध्ये कारकून, आई रमाबाई, धाकटी बहीण शारदा.

दाराच्या चौकटीला कडुनिंबाची डहाळी लावलेली होती.

बाई पायरीवर थांबल्या. पाडव्याला गुढीला कडुनिंब बांधतात, उरलेला दाराला लावतात, त्यात नवल काही नाही. पण पाडव्याचा पाला एव्हाना वाळून चुरा झाला असता. हा हिरवा होता. दिवेलागणीची वेळ, शेजारच्या घरांतून फोडणीचा वास येत होता, आणि ह्या घरातून काहीच वास नव्हता. रमाबाई दारात आल्या तेव्हा त्यांचे केस विंचरलेले नव्हते. चपला बाहेर, ओळीनं, सगळ्यांच्या.

"या म्हणत नाही हो बाई," रमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत पसारा आहे."

"शारदा दिसत नाही?"

"झोपलीये."

बाईंनी हात पुढे केला. "द्या, हिचा हात द्या."

रमाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "इथूनच घेऊन जा. तुम्ही नेताय म्हणजे मला चिंता नाही." आणि मग, जशी काही भीक मागावी तसं, "आजच न्या ना. आज रात्री तुमच्याकडेच राहू दे तिला."

ज्या घरात देवी येतात त्या घरात त्यांचं नाव घेत नाहीत. माता आलीये, पाहुणी आहे, एवढंच. तेही घरच्यांनी घरात. फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दाराला कडुनिंब लावायचा, म्हणजे समजणाऱ्यानं समजावं आणि पायरीवरूनच परत जावं. मराठी घरात जन्मलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि सुलोचनाबाई तर ह्याच कडुनिंबाच्या पाल्यावर महिनाभर निजलेल्या.

त्या मनाशी म्हणाल्या, पाडव्याचाच असेल. चैत्र आहे, दारोदारी असतो. लीलाला म्हणाल्या, "चल. बॅग घे."

सकाळी नऊ मुली आणि बाई अशी बस आग्रा रोडला लागली. मुलींची गाणी सुरू झाली. टीमची कॅप्टन बेबी कुणालाच गप्प बसू देत नव्हती. शाजापूरपर्यंत तिनं ड्रायव्हरला चाचा करून टाकलं होतं. पाण्याची सुरई एकच, पेला एकच. तो हातोहात फिरत होता. बाई त्या पेल्याकडे बघत राहिल्या. लीला खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"काय गं?"

"कंबर दुखतेय, बाई. बस हलते भोत."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. कढत होतं. बाहेर ऊन कढत होतं, बसचा पत्रा कढत होता. त्यांनी हात काढून घेतला आणि पदराखाली जपमाळ धरली, पण मणी पुढे सरकेना.

ग्वाल्हेरला उतरायची सोय एका धर्मशाळेत होती. मोठी एक खोली, जमिनीवर ओळीनं सतरंज्या. लीला अंगात ताप घेऊन दोन मॅच खेळली आणि अशी खेळली की ग्वाल्हेरचे लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या मॅचनंतर ती मैदानाच्या कडेला ओकली. मुली म्हणाल्या, ऊन लागलं. बाईंनी कांद्याचा रस तिच्या तळपायांना चोळला. त्याही म्हणाल्या, ऊन लागलं.

फायनलच्या दिवशी सकाळी लीला उठून बसली ती हसत. अंग गार. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या.

"बाई, हिचा ताप ग्वाल्हेरवाल्यांना चढला," बेबी म्हणाली. "आता बघा अपन कशी मजा आणतो ते."

सगळ्या हसल्या. बाईंना मात्र आपलं लहानपण आठवलं. असाच एका सकाळी ताप उतरला होता. आईनं देवापुढे साखर ठेवली होती, शेजारणींना वाटली होती. आणि दुपारी बघायला आरसा मागितला तर आईनं तो भिंतीकडे फिरवून ठेवला होता. देवीचा ताप उतरतो तो बाहेरच्या पुरळाला वाट द्यायला.

त्यांनी लीलाला अंगणात उजेडात नेलं. "आ कर."

ओठाच्या आतल्या बाजूला, टाळूला, लाल दाणे होते. मोहरीएवढे. चेहरा अजून स्वच्छ होता, केसांच्या कडेला दोनच ठिपके. घामोळं म्हणून खपले असते.

"घरात कोण आहे?" बाईंनी विचारलं. "शारदा?"

लीलानं मान खाली घातली. "आईनं शपथ घातलीये. बोललं की माता कोपते."

"शारदाच ना?"

"हो." मग ती म्हणाली, "आई म्हणाली, घरात राहिलीस तर तुलाही येतील. बाईंबरोबर जा. बाई जशी नेतात तशी परत आणतात. म्हणून पाठवलं तिनं. खेळायला नाही पाठवलं."

फायनलला दोन तास होते. कुणाला काही माहीत नव्हतं. सुरई सगळ्यांची पिऊन झाली होती, सतरंज्या एकाला एक लागून होत्या. जे लागायचं ते लागलं असेल, आणखी एका तासानं काय बिघडतं, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं. कप मिळाला तर मैदान राहील. मैदान राहिलं तर पुढच्या किती मुली. त्यांनी डोळे मिटले, देवीला हाक मारली, आणि देवीनं काहीच उत्तर दिलं नाही. माझं म्हणाल तर अशा वेळी ती उत्तर देतही नसावी. जे आपल्याला आधीच कळलेलं असतं ते पुन्हा कोण सांगणार?

बाई मैदानावर गेल्या त्या एकट्याच. ग्वाल्हेरच्या कोच इंदुमतीबाई चुन्याच्या रेघा मारून घेत होत्या.

"टीम कुठेय तुमची?"

"खेळणार नाही. माझ्या एका मुलीला देवी आल्यात."

रेघा मारणारा माळी थांबला. असं उघड्या मैदानात, उघड्या तोंडानं ते नाव घेतलेलं त्यानं कधी ऐकलं नसावं. इंदुमतीबाई आधी हसल्या. "हरायची भीती वाटली की इंदूरवाल्यांना काहीही सुचतं." मग त्यांनी सुलोचनाबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकल्या. पदर नाकाला लावला.

"आमच्या मुली खेळल्यात तिच्याशी?"

"नाही. उज्जैनच्या आणि भेलशाच्या खेळल्या. त्यांनाही कळवा. सगळ्यांना टोचून घ्यायला सांगा, आजच. आणि मला डॉक्टर हवाय."

म्युनिसिपालिटीचा डॉक्टर आला. नऊच्या नऊ मुलींना गावाबाहेर पत्र्याच्या लांब शेडमध्ये हलवलं. लीला एका टोकाला, पडद्याआड. बाकीच्या दुसऱ्या टोकाला, दंडावर टोचून. बेबी रडली नाही, पण तिचं बोलणं बंद झालं, आणि ते रडण्याहून वाईट होतं. बाई रात्रंदिवस लीलापाशी बसत. तिचे हात त्यांनी मऊ फडक्यानं बांधले, खाजवू नये म्हणून. सकाळ झाली की राखेनं आणि साबणानं स्वतःचे हात धुवून, दुसरं पातळ नेसून त्या शेडच्या दुसऱ्या टोकाला येत. मुली दारात उजेडाला ओळीनं उभ्या राहत.

"आ कर. पाठ दुखते? खरं सांग."

"नाही बाई."

"तू. आ कर."

एकदा बेबी म्हणाली, "बाई, माझी कंबर दुखतेय." बाईंनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि त्या दिवशी लीलाकडे जायच्या आधी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी बेबीनं हळूच सांगितलं की जमिनीवर झोपून दुखत होती, आता नाही दुखत. बाईंनी मान हलवली. त्यानंतरही त्या रोज सगळ्यांत आधी तिचंच तोंड बघत.

आठ जणी सुटल्या. लीलाच्या खपल्या पडायला वेळ लागला, पण जीव वाचला.

इंदूरच्या बसस्टँडवर बाप आले होते. आया आल्या नव्हत्या. बापांनी आपापल्या पोरींच्या वळकट्या उचलल्या, मुलींना पुढे घातलं. बाईंशी कुणी भांडलं नाही, कुणी नमस्कारही केला नाही. बेबीचे वडील लक्ष्मीकांतराव तेवढे जाताना थांबले. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं का?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. ते वळकटी खांद्यावर टाकून निघून गेले.

आयांपैकी एकट्या रमाबाई आल्या होत्या, टांगा घेऊन. शारदा वाचली होती, तिचा एक डोळा गेला होता. लीलानं डोक्यावरून शाल ओढून घेतली होती; रमाबाईंनी ती बाजूला केली आणि बराच वेळ बघितलं.

"हे भरून येतं का?" त्यांनी विचारलं.

सुलोचनाबाईंनी स्वतःचा चेहरा त्यांच्यापुढे तसाच राहू दिला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मी बोलले नाही," रमाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही पायरीवर थांबला होतात. मी बघितलं. तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग मला वाटलं, कळूनही नेताय म्हणजे वाचवालच."

बाईंनी लीलाची वळकटी टांग्यात ठेवली. टांगा गेला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. कमिटीनं अजून काही ठरवलं नव्हतं. मैदानाच्या एका कोपऱ्यात विटांचा ढीग मात्र येऊन पडला होता. सुलोचनाबाई पहाटे बॉल घेऊन मैदानावर गेल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. त्या रोज जात, रेघा मारत, बॉलमध्ये हवा भरत, प्रार्थना म्हणत आणि मिलच्या सातच्या भोंग्याला परत येत. पुढे त्यांच्या टीमनं बरेच कप आणले, लोकांना तेच आठवतात. पण तो सबंध महिना त्या मैदानावर एकट्या होत्या आणि विटांचा ढीग वाढत होता.

मग एका सकाळी लीला आली. दुपट्टा नाकापर्यंत ओढलेला. बाईंनी तिच्याकडे बॉल टाकला. तिनं झेलला, फेकला, चुकला.

"दुपट्टा काढ," बाई म्हणाल्या. "रिंग दिसत नाही."

"रिंग दिसते, बाई. लोक पण दिसतात."

रस्त्यावरून दूधवाला सायकल हळू करून बघत होता. बाई त्याच्या आणि लीलाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून.

"आता?"

लीलानं दुपट्टा सोडला, कमरेला बांधला. बॉल पुन्हा फळीवर आपटून बाहेर आला. तो घरंगळत विटांच्या ढिगाकडे गेला, आणि सुलोचनाबाई तो आणायला निघाल्या.