बदकांच्या बंदुकीची कुळकथा

बंदूक दुरुस्तीला आणणाऱ्याला मिस्त्री कधीच "काय बिघडलंय?" असं विचारत नसत. "कुणाची?" असं विचारत. "माझी," म्हटलं की, "ते झालं हो, त्याआधी कुणाची?" आणि मग त्याच्याही आधी कुणाची. जावई निवडताना सासरा करणार नाही एवढ्या चौकशा झाल्या की बिचाऱ्या घोड्याची स्प्रिंग बदलली जाई. लोक पाठीमागे त्यांना 'खानदानी' म्हणत. मिस्त्रींना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. स्वतःच्या पणजोबांचं नाव मात्र त्यांना सांगता येत नसे. बायकोने ते विचारलं की त्यांना नेमकी तेव्हाच तेलाची बाटली सापडेनाशी होई.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर एक पुरुषभर लांबीची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली होती. ती पाणथळीतल्या बदकांसाठी केलेली होती. तोंडाकडून दारू नि छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. आत ओल जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच होतं. तीस वर्षं ती तिथे होती आणि तीस वर्षं मिस्त्री तिची कुळकथा सांगत होते. एका जमीनदाराने ती करवून घेतली, त्याच्या मुलाने डॉक्टरला दिली, डॉक्टरने आपल्या कंपाउंडरला, आणि कंपाउंडरकडून ती पोस्टमनकडे आली. पोस्टमनपाशी पोचले की मिस्त्री चष्मा काढून पुसत. खरी रंगत पुढेच होती.

"गडी रविवारी होडीवाल्याबरोबर बदकं मारायला गेला. तिथेच त्याला बंदूक विकली, नि कुणा बाईबरोबर पसार! जन्मभर लोकांची पत्रं पत्त्यावर पोचवली, स्वतःचा पत्ता मात्र ठेवला नाही!"

गिऱ्हाईक हसे. मिस्त्री त्याहून जोरात हसत. ही हकीगत होडीवाल्यानेच बंदूक विकायला आणली तेव्हा सांगितली होती. पत्त्याची पुस्ती तेवढी मिस्त्रींची.

यंदा संग्रहालयाच्या बाईंनी बंदूक मागितली. पण त्यांना गोष्ट नको होती, कागद हवा होता. पोस्टमनने बंदूक विकली होती, असं त्याच्या घरच्यांनी लिहून द्यायचं.

पोस्टमनची बायको दोन गल्ल्या सोडून शिवणकाम करायची. तीस वर्षांत मिस्त्री त्या गल्लीत शिरले नव्हते. विचारलं असतं तर "चढ आहे हो," म्हणाले असते. चढ नव्हता.

"सही करते की," वहिनी ओठांत टाचण्या धरून म्हणाल्या. मग टाचण्या काढून त्यांनी एकेक करून उशीत खोचल्या. "पण आधी ती बघणार. आणि मला एवढंच सांगा, मिस्त्री. त्यांनी स्वतःच्या हाताने विकली का?"

"होडीवाला तसंच म्हणाला, वहिनी."

"होडीवाला काय म्हणाला ते अख्ख्या गावाने ऐकलंय. तुमच्याच तोंडून. माझ्या पोरीला शाळेत ऐकवायचे."

मिस्त्रींनी चहाला नको म्हटलं. चहा कुणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात आल्या. मिस्त्रींनी बंदूक उतरवून बाकावर ठेवली. वहिनींनी ना नळी पाहिली, ना दस्त्यावरचं कोरीव काम. बुचाच्या चिंधीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीच्या फ्रॉकचं उरलेलं कापड. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मीच गुंडाळून दिलं होतं." आणि त्या बूच ओढू लागल्या.

ते घट्ट बसलं होतं. मिस्त्रींनी पकडीने फिरवून फिरवून काढलं, आणि हाताला सवय होती म्हणून गज उचलला. ठासणीची बंदूक दुकानात आली की आधी गज घालायचा, ती रिकामी आहे ना ते पाहायचं, मग बाकीचं. तीस वर्षांत शेकडो नळ्यांत गेलेला हा गज या एका नळीत गेला नव्हता. ही आली होती गोष्ट घेऊनच. ती ऐकण्याच्या नादात मिस्त्रींनी बुचासकट तिला भिंतीवर चढवलं होतं.

गज आत जाऊन थांबला. नळीच्या तोंडाशी चिमटीत धरून त्यांनी तो बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावला. टोक घोड्यापर्यंत पोचायला हवं होतं. चांगली वीतभर कमी पडली. त्यांनी पुन्हा घातला. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?"

"भरलेली आहे."

वहिनींनी बुचावरची चिंधी सोडवली. "ते भरलेली बंदूक कुणाच्या हातात देत नसत. परत निघताना हवेत उडवून रिकामी करत, मगच होडीतून उतरत."

मिस्त्रींना हे कुणी सांगायला नको होतं. ठासणीची बंदूक रिकामी करायची ती उडवूनच, आणि कुठलाही शिकारी ती भरलेली विकत नाही. होडीवाल्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने होती तशी उचलून आणली होती.

"म्हणजे विकली नाही."

"नाही, वहिनी."

"मग माणूस कुठे आहे?"

मिस्त्रींनी गज खाली ठेवला. "तिथेच, त्या पाण्यात. त्याच रविवारपासून." पाय घसरला की कुणी ढकललं, हे आता विचारणार कुणाला? होडीवाल्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. "मी त्या दिवशी गज घातला असता तर..."

"तर माणसं शोधायला गेली असती," वहिनी म्हणाल्या. बाहीचं माप सांगावं तशा.

संग्रहालयाचा कागद त्यांनी सही न करता मिस्त्रींकडे सरकवला. मग मुलीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बाकावर ठेवला.

"तुम्ही सांगा. तुम्हाला छान सांगता येतं."

मिस्त्रींनी सांगितलं. वाक्यं अर्धी राहत होती. रविवार दोनदा आला, होडीवाला भलत्याच जागी आला.

"आई आहे तिथे?" पलीकडून आवाज आला.

"आहेत."

"तिला विचारा, बाबांचा एखादा फोटो राहिलाय का."

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं. त्या चिंधीची घडी घालत होत्या.

"सगळे मीच जाळले," त्या म्हणाल्या. "तुमची ती पत्त्याची गोष्ट पहिल्यांदा माझ्या कानावर आली, त्या दिवशी."

हे सांगायला मिस्त्री फोनकडे वळले, पण पलीकडे ते ऐकू गेलं होतं.