चारच्या चहानंतर

बाइंडरने उभ्या आयुष्यात हजारो पुस्तकं बांधली आणि एकही धड वाचलं नाही. कुणी त्यावरून चिडवलं की तो म्हणे, "सुतार काय प्रत्येक पलंगावर झोपून बघतो?" माणूस तोंडाने फटकळ, पण हाताने चोख. पुठ्ठा कापायला घेतला की फूटपट्टी नुसती नावाला. खोड एकच होती. समोरच्याचं बोलणं त्याला शेवटपर्यंत ऐकवत नसे. गिऱ्हाईक "या पुस्तकाला ना जरा..." म्हणेपर्यंत हा "कळलं, शनिवारी या" म्हणून मोकळा.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली होते. रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत कटिंग मशीन, लांब टेबल आणि खळीचं भांडं. मागे राहायच्या दोन खोल्या. आणि मध्ये एक अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला बाथरूम. तिथे खिडकी नव्हती, त्यामुळे भर दिवसाही दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसायचा नाही. इथे तो आणि त्याची बहीण असे दोघेच राहत. बहीण पंचेचाळिशीची, पण आईने तिला जन्मभर 'धाकटी' म्हटलं, म्हणून आपणही धाकटीच म्हणू.

लांब टेबलाची राणी धाकटी. छापून, दुमडून आलेल्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांना बाइंडर लोक फर्मे म्हणतात. ते फर्मे ओळीने मांडलेले असत, आणि धाकटी टेबलाच्या कडेने चालत प्रत्येकातला एक उचलून पुस्तक जुळवी. वीस वर्षांत तिचा एक फर्मा मागेपुढे झाला नव्हता. फक्त तिच्या मध्ये बोलायचं नाही. सातव्या फर्म्यापाशी कुणी नुसतं "काय, बरंय ना?" विचारलं, तरी ती सातच्या सात जागच्या जागी ठेवी आणि पहिल्यापासून सुरुवात करी. राग नाही, कुरकूर नाही. अर्धवट पुस्तक तिच्या जगात नव्हतंच. कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला हा नियम पाठ होता, आणि सगळ्यांत जास्त पाठ होता बाइंडरला.

धाकटी लहान असताना डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला होता. आईने तो ऐकून घेतला, घरी आली आणि लेकीची भाषा स्वतःच शिकायला बसली. धाकटीला स्वतःची वाक्यं फारशी नव्हती. ती दुसऱ्यांची वापरी, आणि तीही त्यांच्या आवाजात, त्यांच्या खोकल्यासकट. बसमध्ये पहिल्यांदा ओकारी आली तेव्हा कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडत होता, तेव्हापासून पोटात ढवळलं की धाकटी जाडाभरडा पुरुषी आवाज काढून म्हणे, "पुढे सरका!" पाहुण्यांची बोबडी वळायची. आई मात्र उठून ओव्याचं पाणी द्यायची. "ती काय म्हणते त्यात अडकू नकोस रे," आई बाइंडरला सांगे. "ते वाक्य तिने पहिल्यांदा कधी ऐकलं, ते आठव." बाइंडर म्हणे, "कळलं, कळलं." काडीचंही कळलेलं नसे. आई होती तोवर कळायची गरजही नव्हती.

मग आई गेली. आठ महिन्यांपूर्वी, एका दुपारी. बाइंडर तयार पुस्तकं पोचवायला गेला होता, तीन तासांनी परतला. बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि दारासमोर, काळोखात, धाकटी मांडी घालून बसलेली होती. दार फोडलं तेव्हा आई फरशीवर गार पडली होती. डॉक्टर म्हणाले, "पडताक्षणीच शुद्ध गेली असेल. त्रास झाला नसावा." बुडत्याला काडीचा आधार, बाइंडरने ते वाक्य छातीशी धरलं.

पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. रस्ता वीस पावलांवर, समोर दुकानं उघडी. धाकटी नुसती दारात जाऊन उभी राहिली असती तरी कुणीतरी विचारलं असतं. तीन तास ती बसून राहिली. तो तिला एका शब्दाने बोलला नाही, पण तिच्या ताटात वाढताना भाकरी जरा जोरात आदळू लागली, हे त्याचं त्यालाही कळत होतं. लोक समजूत घालत, "तिला काय कळतंय बिचारीला!" तो मान हलवी, आणि मनात म्हणे, एवढंही कळू नये?

दोन महिन्यांपूर्वी आवाज सुरू झाला.

चारचा चहा झाला होता. बाइंडर पुठ्ठ्याला कापड चिकटवत होता. बोळातून खाकरल्याचा आवाज आला. बोलण्याआधी घसा साफ करायची आईची सवय होती, अगदी तसा. मग आईचा आवाज आला, बारीक, दाराआडून यावा तसा.

"आई गं! पडले बघ मी."

बाइंडरच्या हातातला ब्रश खाली पडला.

"कडी लागलीये आतून. हात पोचत नाहीये माझा."

तो बोळात धावला. दिवा लावायचंही सुचलं नाही. बाथरूमसमोर, त्याच जागी, धाकटी बसली होती. तिचे ओठ हलत होते, आणि त्यातून आई बोलत होती.

"ऐकतेस ना? दाराशी ये."

"पुरे!" बाइंडर ओरडला. "बंद कर!"

धाकटी थांबली. मग पुन्हा खाकरणं, आणि पुन्हा पहिल्यापासून, "आई गं! पडले बघ मी."

त्या दिवशी ते सहा वेळा झालं. दुसऱ्या दिवशीही चारच्या चहानंतर, तिसऱ्या दिवशीही. दरवेळी तो 'दाराशी ये'पाशी ओरडे आणि दरवेळी आई नव्याने पडे. त्याच्या पुढे काय आहे, ते त्याला ऐकायचं नव्हतं. खरी भीती आवाजाची नव्हतीच. आई बोलत होती, म्हणजे तिची शुद्ध गेली नव्हती; डॉक्टरांचं ते एक वाक्य खोटं होतं. आणि आई किती वेळ बोलत होती, हे सांगणारं माणूस जगात एकच होतं.

त्याने बाथरूमची कडी काढून टाकली. दाराला चार भोकं उरली. तरीही उघड्या दारासमोर बसून आईचा आवाज म्हणे, "कडी लागलीये आतून." बाइंडर नको नको म्हणत आत डोकावे. फरशी रिकामी असे. रिकामी आहे हे माहीत असूनही तो रोज बघे, आणि एखाद दिवशी ती रिकामी नसेल असं त्याला वाटे. चार वाजत आले की त्याचे डोळे बोळाकडे जात. कापडाला सुरकुत्या पडू लागल्या, पुठ्ठे तिरके कापले जाऊ लागले. धाकटीही बदलली होती. पोळीच्या कडा ताटात तशाच सोडी, डाव्या गालावर केस ओढून घेई. चेहऱ्याला ती तशीही कुणाला हात लावू देत नसे. नखरे वाढलेत, बाइंडर म्हणाला.

एकदा मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, नेमकी चारला आली. बोळातला आवाज ऐकून तिने भिंत धरली. "माझी बहीण त्या दारात अडकलीय रे," ती कुजबुजली. मग पाणी पिऊन, सावरून म्हणाली, "हे बघ, तू वाळून काटकी झालायस. शहराबाहेर एक संस्था आहे, अशा बायकांना सांभाळतात. मी बोलून ठेवते." बाइंडरने पहिल्या आठवड्यात नाही म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात काहीच म्हटलं नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात फॉर्मवर सही केली. शुक्रवारी सकाळी गाडी येणार असं ठरलं.

गुरुवारी मावशी बॅग भरायला आली. धाकटीचे कपडे, तिची नेहमीची चादर, तिचा कप. बाइंडर त्या खोलीत गेला नाही. आपल्या माणसाची बॅग भरली जाताना बघायला वेगळं काळीज लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. तो कारखान्यात उगाच सुरीला धार लावत राहिला. धाकटी टेबलाच्या कडेने फर्मे उचलत चालली होती. बॅग घेऊन मावशी बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, तुझा स्वेटर कुठाय?"

धाकटी थांबली. हातातले आठही फर्मे तिने एकेक करून परत ठेवले आणि टेबलाच्या पहिल्या टोकाला गेली.

"मावशी, मध्ये बोलू नकोस गं," बाइंडर सवयीने म्हणाला. "शेवटपर्यंत जाऊ दे तिला. नाहीतर परत पहिल्यापासून..."

आणि तो तिथेच थांबला. सुरी हातात तशीच राहिली. वीस वर्षं जे तो सगळ्या जगाला सांगत आला होता, ते त्याच्या स्वतःच्या कानांवर बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच पडलं.

चार वाजले. चहा झाला. धाकटीने कप ठेवला, डोळे घट्ट मिटले, उठली आणि बोळात गेली. मावशी बाहेरच्या दाराकडे निघाली, पण बाइंडरने तिचा हात धरला. "बस," तो म्हणाला. "आज शेवटपर्यंत ऐकू."

"मला नाही ऐकवायचं रे."

"मलाही नाही."

दोघं बोळाच्या तोंडाशी, काळोखात, भिंतीला टेकून बसले. खाकरणं आलं.

"आई गं! पडले बघ मी. कडी लागलीये आतून. हात पोचत नाहीये माझा. ऐकतेस ना? दाराशी ये."

बाइंडरने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

पुढे शांतता. त्या शांततेत धाकटी जिभेने नळाचा आवाज काढत होती. टप्. टप्. बाथरूममधला नळ कधीच दुरुस्त झाला होता. मावशीची नखं बाइंडरच्या मनगटात रुतली. किती वेळ गेला कोण जाणे. आईला श्वास गोळा करायला जेवढा लागला होता, तेवढा गेला असेल.

"उठू नकोस. ऐक माझं. बाहेर जायचं नाही, गाड्या आहेत. मागे पळालीस तेव्हा किती लागलं होतं, आठवतंय ना? मी धरायला येऊ शकत नाहीये आता. इथेच बस. दादा येईपर्यंत उठायचं नाही. शहाणी माझी."

धाकटी तीन तास बसली होती, कारण तिला बसायला सांगितलं होतं. मदत मागायला पाठवलं तर पोरगी गाडीखाली येईल, म्हणून आईने मदतच मागितली नव्हती.

टप्. टप्.

"आहेस ना गं?"

धाकटीने हात पुढे केला आणि उघड्या दारावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. टक टक.

"हां. आहेस."

असं चार वेळा झालं. दरवेळी आईचा आवाज आणखी बारीक, आणि दरवेळी टक टक. मावशी पदर तोंडात कोंबून रडत होती, पण आता तिला भीती वाटत नव्हती. पाचव्या वेळी आई "आहेस ना" म्हणाली नाही. ती पुटपुटल्यासारखं बोलली, आणि बाइंडरला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"दादा आला की ओरडेल तुझ्यावर. ओरडू दे. त्याला कळत नाही गं लगेच. वेळ दे त्याला."

टक टक, धाकटीने वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं, टक टक. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मग तिने हात मांडीवर ठेवला. पहिल्यापासून काही सुरू झालं नाही.

बाइंडर गुडघ्यांवर रांगत तिच्यापाशी गेला. त्याला खूप काही म्हणायचं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा तो गप्प बसला. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती कधीच पाहत नसे. तिने त्याचा हात उचलला, केस बाजूला केले आणि तो हात स्वतःच्या डाव्या गालावर दाबला. गाल तापला होता, आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

अर्ध्या तासात तिघं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. वाटेतच बाइंडरने संस्थेला फोन लावला. पलीकडची बाई फॉर्मचं, नियमांचं सांगत राहिली. त्याने तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडी पाठवू नका."

डॉक्टरीणबाईंनी वाकून तोंडात पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दाढ मुळापर्यंत किडलीय. पू झालाय. चहासारखं गरम लागलं की जीव जात असेल हिचा. निदान दोन महिने तरी दुखत असणार." त्या बाइंडरकडे वळल्या. "इतके दिवस काही सांगितलं नाही का हिने?"

मावशी काहीतरी सावरायला गेली. बाइंडरने तिला हाताने थांबवलं.

"रोज सांगत होती," तो म्हणाला. "मीच मध्ये बोलत होतो."